अरण्याचा वाटाड्या

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे एक मोठे राज्य आहे. त्याच्या पूर्व अंगास सिएरा नेवाडा ही हिमाच्छादित पर्वतरांग दक्षिणोत्तर पसरलेली असून तिच्या कुशीत योसेमिटी नावाचे एक रमणीय खोरे आहे. दोन्ही बाजूंस सरळ तासून काढल्यासारखे उत्तुंग कडे, त्यांवरून कोसळणारे शुभ्र धबधबे, तळाशी वाहणारी नदी आणि नदीकाठची हिरवीगार कुरणे असे या खोऱ्याचे रूप आहे. १८६४ साली अमेरिकेत यादवी युद्धाचा वणवा पेटला असतानाच राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही करून हे खोरे आणि जवळचे मॅरिपोसा येथील महावृक्षांचे वन कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केले. ही भूमी लोकांच्या विहारासाठी व आनंदासाठी सर्वकाळ राखून ठेवावी, अशी त्या कायद्याची अट होती. कॅलिफोर्निया राज्याचे ते पहिले उद्यान ठरले.

कायद्याने भूमी राखून ठेवता येते. परंतु तिच्याविषयी लोकांच्या मनात प्रेम उत्पन्न करणे कायद्याच्या हाती नसते. योसेमिटी पाहावयास दूरदूरची माणसे येत, धबधब्याखाली उभी राहून आश्चर्याने थक्क होत आणि आल्या वाटेने परत जात. हे कडे कसे घडले, ही फुले याच कुरणात का फुलतात, हे त्यांना सांगणारा कोणी नव्हता. ते सांगण्याचे काम पुढे एका शेतकऱ्याच्या मुलाने अंगावर घेतले. त्याचे नाव जॉन म्यूर.

जॉनचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ भावंडांत तो तिसरा. वडील डॅनियल म्यूर मोठे धर्मनिष्ठ होते, पण तितकेच कठोरही होते. बायबलचे पाठांतर हा घरातील रोजचा नेम असे आणि चूक झाली की छडी ठरलेली असे. अकराव्या वर्षापर्यंत जॉनला बायबलचा नवा करार सबंध व जुना करार बहुतेक सगळा मुखोद्गत झाला होता. मात्र त्याचे मन रमे ते समुद्रकाठच्या खडकांत, पक्ष्यांच्या घरट्यांत आणि गावाजवळच्या पडक्या किल्ल्याच्या तटांवर.

१८४९ साली वडिलांनी बिऱ्हाड अमेरिकेस हलवले आणि विस्कॉन्सिन राज्यातील रानात शेती मांडली. झाडे तोडावी, बुंधे उपटावे, नांगर धरावा, अशी कष्टाची कामे कोवळ्या वयाच्या जॉनच्या वाट्याला आली. पुढे दुसरे शेत घेतल्यावर तेथे विहिरीची गरज पडली. खाली कठीण वालुकाश्म होता. वडील सकाळी जॉनला बादलीतून खाली सोडत आणि तो एकटाच दिवसभर छिन्नी-हातोड्याने खडक फोडीत बसे. विहीर सुमारे ऐंशी फूट खोल गेली असता एके दिवशी तळाशी साठलेल्या विषारी वायूने त्याची शुद्ध हरपू लागली. कसाबसा बादलीत शिरल्यावर त्याला वर ओढून घेण्यात आले. एका जाणत्या शेजाऱ्याने विहिरीत पाणी फेकून व दोरीला बांधलेला गवताचा भारा वरखाली करून आतील हवा शुद्ध करण्याची युक्ती सांगितली. दोन-एक दिवसांनी जॉन पुन्हा त्याच विहिरीत उतरला आणि नव्वद फुटांवर पाणी लागेपर्यंत खोदत राहिला.

दिवसभर असे श्रम करूनही त्याची ज्ञानाची भूक शमत नसे. रात्री जागून वाचण्यास वडिलांची मनाई होती. पहाटे मात्र हवे तितक्या लवकर उठावे, अशी त्यांनी मुभा दिली होती. जॉन मध्यरात्रीनंतर एक वाजता उठू लागला! ऐन हिवाळ्यात तळघरात बसून तो पुस्तके वाची आणि लाकडाची यंत्रे घडवी. त्याने लाकडी घड्याळे केली. ठरलेल्या वेळी आपोआप कलंडून निजलेल्याला पायांवर उभा करणारा पलंगही त्याने केला. १८६० साली मॅडिसन येथील राज्याच्या प्रदर्शनात ही यंत्रे मांडली गेली, तेव्हा ती पाहण्यास माणसांची झुंबड उडाली.

पुढे मॅडिसनच्याच विद्यापीठात त्याचे शिक्षण सुरू झाले. तेथे एके दिवशी एका सहाध्यायाने वसतिगृहासमोरच्या उंच वृक्षाचे एक फूल तोडून त्याच्या हाती दिले. हा वृक्ष आणि जमिनीवर पसरणारा वाटाण्याचा वेल हे दोन्ही एकाच कुळातील कसे, हे त्याने फुलाच्या पाकळ्या व शेंगेची ठेवण दाखवून समजावले. जॉन चकित झाला. वरून इतक्या भिन्न दिसणाऱ्या वस्तूंमध्ये आतून असे नाते असते, याची त्याला प्रथमच जाणीव झाली. तेव्हापासून फावल्या वेळी वनस्पती गोळा करीत हिंडणे हा त्याचा छंदच झाला. एका झाडाखालच्या त्या पाच-दहा मिनिटांच्या पाठाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. ज्ञान असे हातात फूल देऊन द्यावयाचे असते, ही गोष्ट तो जन्मभर विसरला नाही.

विद्यापीठाची पदवी न घेताच जॉन म्यूर बाहेर पडले. यंत्रांवर हात चांगला बसलेला असल्यामुळे इंडियानापोलिस येथील गाड्यांच्या कारखान्यात त्यांना मानाची जागा मिळाली. परंतु मार्च १८६७ मध्ये काम करीत असता हातातील कानस निसटली आणि तिचे टोक उजव्या डोळ्यात शिरले. थोड्याच वेळात डाव्या डोळ्याचीही दृष्टी गेली. अंधाऱ्या खोलीत पडून त्यांनी कित्येक दिवस काढले. ज्या फुलांवर आणि वृक्षांवर आपण जीव लावला, ती पुन्हा दृष्टीस पडणार नाहीत, या विचाराने त्यांचे मन व्याकूळ होई. सुदैवाने हळूहळू दृष्टी परत आली. मिळालेले हे दुसरे डोळे आता केवळ यंत्रांवर खर्चावयाचे नाहीत, असा निश्चय करून त्यांनी कारखाना सोडला आणि त्याच वर्षी केंटकीपासून फ्लोरिडापर्यंत सुमारे एक हजार मैलांची पायपीट केली. तेथे हिवतापाने गाठले. त्यातून उठून जलमार्गाने ते १८६८ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोस उतरले आणि तेथून पायीच योसेमिटीकडे निघाले.

१८६९ च्या उन्हाळ्यात त्यांना मेंढरांच्या एका मोठ्या कळपावर देखरेख करण्याचे काम मिळाले. कळपाबरोबर ते सिएराच्या उंच कुरणांत गेले. तो प्रदेश पाहून त्यांचे भान हरपले. परंतु एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचू लागली. मेंढरे जेथून जात, तेथे फुलांचा व गवताचा मागमूस उरत नसे. टोळधाड येऊन गेल्यासारखी ती कुरणे उजाड दिसत. आपण ज्याच्या मीठभाकरीवर जगत आहो, तोच धंदा हे वैभव नष्ट करीत आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

पुढे योसेमिटीच्या खोऱ्यातच एका उपाहारगृहाच्या मालकाकडे ते करवतीच्या गिरणीवर राहिले. वाऱ्याने उन्मळून पडलेल्या झाडांच्याच फळ्या ते कापीत. धबधब्याजवळ त्यांनी एक लहानशी झोपडी बांधली आणि ओढ्याचा एक पाट तिच्या कोपऱ्यातून खेळवला. निजताना पाण्याचा खळखळाट कानी पडावा, एवढीच त्यांची चैन होती. त्या काळी खोऱ्यात गाडीरस्ता नव्हता. प्रवासी घोड्यांवरून येत. या प्रवाशांना वाट दाखवण्याचे काम म्यूर यांच्याकडे आले. इतर वाटाडे कड्यांची नावे सांगून मोकळे होत. म्यूर मात्र गुडघे टेकून गवतातील इवलेसे फूल दाखवीत, खडकावरून हात फिरवावयास लावीत आणि तो एवढा गुळगुळीत कसा झाला, याचा विचार करावयास सांगत.

या गुळगुळीत खडकांतच खोऱ्याच्या जन्माचे रहस्य दडले होते. भूकंपासारख्या उत्पातात जमीन एकाएकी खचून हे खोरे झाले, असे राज्याचे प्रमुख भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांचे मत होते. म्यूर यांनी रानोमाळ हिंडून निराळाच निष्कर्ष काढला. खडकांवरील घासल्याच्या रेषा व झिलई पाहून, प्राचीन काळी येथे प्रचंड हिमनद्या वाहत होत्या आणि त्यांनीच डोंगर कोरून हे खोरे घडवले, असे त्यांनी प्रतिपादन केले. एक मेंढपाळ आपल्याला भूशास्त्र शिकवतो, याचा विद्वानांना राग आला आणि त्यांनी त्यांची हेटाळणी केली. परंतु १८७० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक जोसेफ ल कॉन्ट आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे सहलीस आले असता म्यूर त्यांच्याबरोबर हिंडले. प्राध्यापकमहाशय या गिरणीवाल्याच्या मुखाने निसर्ग समजावून घेऊ लागले. पुढे त्यांनी त्याच्या मताचा आदराने पुरस्कार केला.

म्यूर शब्दांवर विसंबून राहिले नाहीत. सिएराच्या माथ्यावर अजूनही लहान हिमनद्या जिवंत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते; ते साचलेले बर्फ आहे, असे विरोधक म्हणत. १८७२ च्या ऑगस्टमध्ये म्यूर यांनी मॅक्ल्यूर शिखराजवळच्या हिमात सरळ रेषेत खुंट्या रोवल्या. शेहेचाळीस दिवसांनी ते पुन्हा तेथे गेले. खुंट्यांची सरळ रांग वाकली होती आणि एक खुंटी सत्तेचाळीस इंच पुढे सरकली होती! हिम दररोज सुमारे एक इंच या गतीने वाहत होते. आज योसेमिटीच्या घडणीत नदी व हिमनद्या या दोहोंचा वाटा मानला जातो. व्हिटनी यांचे मत मात्र मागे पडले आहे.

१८७१ साली प्रख्यात तत्त्वचिंतक एमर्सन योसेमिटीस आले. त्यांचे वय तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. महावृक्षांच्या छायेत उघड्यावर एक रात्र काढावी, अशी म्यूर यांनी त्यांना गळ घातली. परंतु रात्रीच्या गारठ्याने वृद्धास बाधा होईल, या भीतीने बरोबरच्या मंडळींनी ते होऊ दिले नाही. त्या रात्री म्यूर यांनी वनात एकट्यानेच शेकोटी पेटवली.

१८८० मध्ये म्यूर यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. कित्येक वर्षे त्यांनी मार्टिनेझ येथे सासऱ्यांच्या फळबागांची मेहनतीने जोपासना केली. १८८९ साली संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन यांच्यासह ते पुन्हा योसेमिटीस गेले. तेथील दृश्य पाहून त्यांना अत्यंत दुःख झाले. राज्याच्या ताब्यातील खोऱ्यात कुरणे नांगरली होती, कुंपणे घातली होती, झाडे तोडली होती. आणि भोवतालच्या उंच प्रदेशात मेंढरांचे कळप मोकाट चरत होते. कायदा कागदावर होता, परंतु भूमी उजाड होत होती. शेकोटीपाशी बसून दोघांनी या रानाच्या रक्षणाचा बेत ठरवला. म्यूर यांनी जॉन्सन यांच्या मासिकात दोन लेख लिहिले आणि लोकमत जागे झाले. १ ऑक्टोबर १८९० रोजी खोऱ्याभोवतालच्या विस्तीर्ण प्रदेशास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मूळ खोरे मात्र राज्याकडेच राहिले.

१८९२ साली म्यूर व त्यांच्या मित्रांनी सिएरा क्लब ही संस्था स्थापन केली. म्यूर तिचे पहिले अध्यक्ष झाले व मृत्यूपर्यंत त्याच पदावर राहिले. लोकांनी पर्वत पाहिल्याखेरीज ते पर्वतांसाठी झटणार नाहीत, हे ओळखून संस्थेने १९०१ पासून दर वर्षी सहली काढण्यास आरंभ केला. पहिल्या सहलीस शहाण्णव माणसे आली. त्यांत म्यूर यांच्या दोन्ही मुली होत्या. दिवसा चालणे, वाटेत फुले व खडक ओळखणे आणि रात्री शेकोटीभोवती बसून म्यूर यांच्या तोंडून हिमनद्यांच्या व रानातील वादळांच्या कथा ऐकणे, असा क्रम असे. वृद्ध प्राध्यापक ल कॉन्टही या सहलीत सामील व्हावयाचे होते; परंतु ती निघण्यापूर्वीच योसेमिटीच्या खोऱ्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ संस्थेने खोऱ्यात एक दगडी वास्तू उभारली. तेथे प्रवाशांना नकाशे व पुस्तके पाहता येत आणि निसर्गाविषयीची माहिती मिळे.

१९०३ च्या मे महिन्यात खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटीस आले. मेजवान्या व समारंभ टाळून त्यांनी म्यूर यांच्याबरोबर तीन रात्री उघड्यावर काढल्या. पहिली रात्र महावृक्षांखाली गेली. दुसऱ्या रात्री बर्फ पडले आणि सकाळी राष्ट्राध्यक्ष अंगावरील बर्फ झटकीत आनंदाने उठले. एमर्सन यांच्या बाबतीत हुकलेली संधी म्यूर यांनी या वेळी साधली. खोरे व भोवतालचे रान एकाच व्यवस्थेखाली असावे, हे त्यांनी राष्ट्राध्यक्षांना शेकोटीपाशी पटवून दिले. १९०५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने खोरे परत देण्याचा ठराव केला आणि १९०६ मध्ये ते राष्ट्रीय उद्यानात सामील झाले. या अवधीत म्यूर जगप्रवासास निघाले होते. त्या प्रवासात भारतात येऊन त्यांनी हिमालयातील देवदारांचेही दर्शन घेतले.

म्यूर यांचा अखेरचा लढा मात्र पराभवाचा ठरला. योसेमिटीच्या उत्तरेस, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतच, हेच-हेची नावाचे तसेच एक सुंदर खोरे होते. सॅन फ्रान्सिस्को शहरास पाण्याची निकड होती. १९०६ च्या भूकंपाने व आगीने ती अधिकच तीव्र झाली. या खोऱ्यात धरण बांधावे, अशी मागणी पुढे आली. शहराची गरज खरी होती. पण पाणी दुसरीकडूनही आणता येईल, असे म्यूर यांचे म्हणणे होते. वृद्धापकाळी त्यांनी लेख लिहिले, पत्रे पाठवली, जिवाचे रान केले. योसेमिटी हजारोंनी पाहिलेले होते. हेच-हेची मात्र फार थोड्यांनी पाहिले होते. न पाहिलेल्या खोऱ्यासाठी उभी राहणारी माणसे अपुरी पडली. डिसेंबर १९१३ मध्ये धरणाच्या कायद्यावर सही झाली. पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९१४ रोजी, न्यूमोनियाच्या विकाराने लॉस एंजेलिस येथे म्यूर यांचे निधन झाले. १९२३ साली धरण पुरे झाले आणि ते खोरे पाण्याखाली गेले.

थोर माणसांच्या ठिकाणीही उणिवा असतात आणि त्या झाकून ठेवणे सत्याला धरून होत नाही. ज्या खोऱ्याला म्यूर मानवी स्पर्श न झालेले रान समजत, तेथे अहवानीची लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. १८५१ साली हत्यारबंद तुकडीने त्यांना तेथून हुसकावून लावले होते. या मूळ रहिवाशांविषयी म्यूर यांनी तरुणपणी काही अनुदार शब्द लिहिले. २०२० साली खुद्द सिएरा क्लबनेच ही चूक उघडपणे मान्य केली. फुलांतील नाते ज्यांनी क्षणात ओळखले, त्यांना माणसांतील नाते ओळखण्यास उशीर लागला, असे खेदाने म्हणावे लागते.

तरीही त्यांनी लावलेले रोप वाढतच गेले. १९२० साली योसेमिटीत प्रवाशांसाठी निसर्ग-मार्गदर्शकांची विनामूल्य व्यवस्था सुरू झाली. हॅरॉल्ड ब्रायंट व लॉय मिलर हे दोन निसर्गशिक्षक लोकांना घेऊन रानवाटांनी हिंडू लागले. १९२८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्य-उद्यानांसाठी साठ लक्ष डॉलरांच्या कर्जरोख्यांस मान्यता दिली आणि आज त्या राज्यात अशी अडीचशेहून अधिक उद्याने आहेत. तेथे मार्गदर्शक मुलांना झाडांची ओळख करून देतात, पक्ष्यांचे आवाज ऐकवतात आणि संध्याकाळी शेकोटीभोवती गोष्टी सांगतात. म्यूर यांचा जन्मदिवस, २१ एप्रिल, हा कॅलिफोर्नियात त्यांचा स्मरणदिन म्हणून पाळला जातो.

म्यूर यांच्यापाशी सत्ता नव्हती आणि मोठी पदवीही नव्हती. त्यांच्यापाशी होते ते पाहणारे डोळे आणि जे पाहिले ते दुसऱ्यास दाखवण्याची तळमळ. एका सहाध्यायाने त्यांच्या हाती एक फूल दिले होते. तेच फूल त्यांनी विद्यार्थ्यांच्या, विद्वानांच्या आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांच्याही हाती दिले. आपण एखाद्या वनात सहलीस जातो, तेव्हा नुसते फिरून परत न येता एखाद्या झाडापाशी क्षणभर थांबावे, त्याचे नाव विचारावे, पान निरखून पाहावे आणि जे कळले ते आपल्या सोबत्याला सांगावे. वनाचे रक्षण तेथूनच सुरू होते.